हद्दीवर तुटणारा फोन

सोलापूरहून कलबुर्गीकडे जाणाऱ्या गाडीत अक्कलकोट रोडला चढणारी माणसं बहुतेक गाणगापूरला जाणारी असतात. स्वामींचं दर्शन झालेलं असतं, दत्ताचं व्हायचं असतं आणि घरी फोनवर बोलणं सुरू असतं. दुधनीपर्यंत ते बरं चालतं. दुधनी हे या मार्गावरचं महाराष्ट्रातलं शेवटचं मोठं स्टेशन. पुढे गाडी अफजलपूर तालुक्याच्या शिवारात शिरते आणि फोनमधला आवाज आधी घोगरा होतो, मग शब्द गळायला लागतात, मग एकदम शांतता. माणसं दोनतीनदा ‘हॅलो, हॅलो’ करतात आणि फोन खिशात टाकतात. थोड्या वेळाने रेंज परत येते. स्वागताचा संदेश येतो, आणि पुन्हा फोन लावावा लागतो.

कंपनी तीच असते. अलीकडे तिचा टॉवर असतो, पलीकडेही तिचाच. मग बोलणं का तुटावं? याचं उत्तर शोधताना मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप जुन्या गोष्टींपर्यंत जावं लागलं.

भारतात मोबाइल सेवेचे परवाने सर्कलनिहाय दिले गेले. अशी २२ सर्कल आहेत. कर्नाटक हे एक. महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं, त्यात मुंबई वेगळी. आंध्र प्रदेश हे तिसरं. तेलंगण २०१४ साली स्वतंत्र राज्य झालं, पण फोनच्या नकाशात ते अजून आंध्र सर्कलमध्येच आहे. बीदर जिल्हा या तिन्ही सर्कलच्या सांध्यावर बसलेला आहे. लातूर रोडहून विकाराबादकडे जाणारी रेल्वे उदगीरला महाराष्ट्र सर्कलमध्ये असते. कमलनगर, भालकी, बीदर करत ती कर्नाटक सर्कलमधून जाते आणि जहीराबादला आंध्र सर्कलमध्ये पोचते. एका बैठकीच्या प्रवासात तीन जाळी.

आणि हा सगळा मुलूख १९५६ पर्यंत एकच जिल्हा होता. निजामाच्या राज्यातल्या आणि नंतरच्या हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात उदगीर होतं, निलंगा होतं, अहमदपूर होतं, जहीराबाद आणि नारायणखेडही होतं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यातल्या उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रातल्या मेदकला. राज्यं बदलली, सोयरिकी बदलल्या नाहीत. भालकी, औराद, बसवकल्याण, कमलनगर या भागांत आजही घराघरांत मराठी बोलली जाते, बाजार आणि दवाखाना उदगीर-लातूरचा असतो, आणि लेकी इकडून तिकडे, तिकडून इकडे दिल्या जातात. आम्ही उदगीरचे, आत्या भालकी तालुक्यात दिलेली. आमच्याकडे अशी घरं मोजायला बसलं तर गावच मोजावं लागेल. या माणसांच्या रोजच्या बोलण्यात हद्द येते. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्यावर बोलणारे, लिहिणारे पुष्कळ आहेत. रोज तुटणाऱ्या फोनवर मात्र कुणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

चालता चालता बोलणं एका टॉवरकडून दुसऱ्याकडे कसं जातं, हे आधी पाहायला हवं, कारण ही माणसाच्या बुद्धीने सोडवलेल्या सुंदर कोड्यांपैकी एक गोष्ट आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतले एमस जोएल यांना याचं पेटंट १९७२ मध्ये मिळालं. त्याआधीच्या गाडीतल्या फोनला एका मोठ्या टॉवरच्या टापूतच राहावं लागे. छोट्या छोट्या टापूंचं जाळं विणायचं आणि बोलणारा एका टापूतून दुसऱ्यात गेला की बोलणं न तोडता पुढच्या टॉवरच्या हवाली करायचं, ही कल्पना आली तेव्हा आजचा मोबाइल शक्य झाला.

बोलणं चालू असताना फोन गप्प बसलेला नसतो. जीएसएमच्या जुन्या फोनमध्येसुद्धा तो सेकंदाला साधारण दोन वेळा आजूबाजूच्या सहापर्यंत टॉवरांची ताकद मोजून आपल्या टॉवरला कळवत असे. निर्णय टॉवरमागची यंत्रणा घेते. शेजारचा टॉवर थोडा बरा दिसला की लगेच उडी मारायची, असं चालत नाही. तसं केलं तर दोन टॉवरांच्या मध्ये उभ्या माणसाचा फोन सारखा इकडून तिकडे, तिकडून इकडे होत राहील, आणि प्रत्येक बदलात आवाज तुटण्याचा धोका. म्हणून दोन अटी घालतात. नवा टॉवर जुन्यापेक्षा ठरावीक फरकाने जोरदार हवा. तो फरक तीन डेसिबल ठेवला तर याचा अर्थ दुप्पट ताकद. आणि हा फरक ठरावीक वेळ टिकायला हवा. फोर-जीच्या जागतिक मानकात हा वेळ शून्यापासून पाच सेकंदांच्या थोड्या वरपर्यंत ठेवता येतो. हायवेवर तो कमी ठेवावा लागतो, कारण ताशी शंभर किलोमीटरने धावणारी गाडी पाच सेकंदांत जवळजवळ एकशेचाळीस मीटर पुढे गेलेली असते. गावात, बाजारात तो जास्त चालतो. फार लवकर बदललं तरी चूक, फार उशिरा बदललं तरी चूक. नेटवर्क चालवणाऱ्या इंजिनिअरची अर्धी कारागिरी या दोन आकड्यांत असते.

सीडीएमएच्या फोनमध्ये, म्हणजे २००२-०३ च्या सुमारास रिलायन्सचे फोन घरोघरी आले त्या तंत्रात, आणखी एक सोय होती. फोन काही वेळ दोन्ही टॉवरांशी एकदम बोले. पालखीला खांदा देताना नवा खांदा लागल्यावरच जुना काढतात, तसं. जीएसएम आणि फोर-जीमध्ये जुना हात सुटतो आणि मग नवा धरला जातो, पण मधला काळ इतका थोडा की कानाला कळत नाही.

हे सगळं एका सर्कलच्या आत. हद्दीवर नियम बदलतात.

प्रत्येक नेटवर्कला जगभरात एक ओळखक्रमांक असतो. भारताचा देशक्रमांक ४०४ आणि ४०५. त्यापुढचे आकडे कंपनीचे आणि सर्कलचे. एअरटेलचं कर्नाटक ४०४-४५, महाराष्ट्र ४०४-९०, आंध्र ४०४-४९. बीएसएनएलचं कर्नाटक ४०४-७१, महाराष्ट्र ४०४-६६. दुकानावर पाटी एकच असली तरी फोनच्या लेखी ही वेगवेगळी नेटवर्कं आहेत, जशी दोन देशांतली असतात. आणि एका नेटवर्कच्या आतल्या टॉवरांत फोन ताकद बघून जागा बदलतो, पण दोन नेटवर्कांमध्ये तसा बदलत नाही. जागतिक मानक त्याला सांगतं की आपलं घरचं नेटवर्क जोवर किमान पातळीच्या वर कुठेतरी मिळतंय, तोवर ते सोडू नको.

हद्दीवरच्या सगळ्या त्रासाचं मूळ या एका वाक्यात आहे. भालकीकडच्या माणसाचं कर्नाटकचं सिम आहे. तो मांजरेकाठच्या शेतात उभा आहे. समोर, नदीपलीकडे, त्याच कंपनीचा महाराष्ट्राचा टॉवर स्पष्ट दिसतो. पण मागे दूर कुठेतरी कर्नाटकच्या टॉवरचा क्षीण धागा मिळतोय, तर फोन तोच धरून ठेवतो. फोनला दूरच्या टॉवरपर्यंत आवाज पोचवायला पूर्ण ताकदीने प्रक्षेपण करावं लागतं, बॅटरी दुपारीच संपते, आणि पट्टी एक दाखवत असताना फोन लागत नाही. त्या शेतात रेंज आहे, पण फोनला ती घ्यायची परवानगी नाही.

उलट बाजूने वेगळा घोळ. तोच माणूस उदगीरला जाऊन आला. तिथे फोनने महाराष्ट्राचं नेटवर्क घेतलं होतं. परत येताना घरचं नेटवर्क कधी शोधायचं, याचं घड्याळ सिममध्ये असतं. मानकाप्रमाणे ते सहा मिनिटांपासून आठ तासांपर्यंत ठेवता येतं, आणि कंपनीने काही ठेवलं नसेल तर ६० मिनिटं. म्हणजे माणूस घरी येऊन जेवला तरी फोन अजून महाराष्ट्रातच असू शकतो. हा शोधही फोन मोकळा असतानाच होतो, बोलणं चालू असताना नाही.

आणि बोलणं चालू असताना हद्द ओलांडली तर? तिथे हस्तांतर होण्यासाठी कर्नाटकच्या टॉवरच्या शेजाऱ्यांच्या यादीत महाराष्ट्राचे टॉवर लिहिलेले हवेत, दोन्हीकडच्या मुख्य यंत्रणा त्यासाठी जोडलेल्या हव्यात, आणि फोनला आधीच सांगितलेलं हवं की हे दोन ओळखक्रमांक तुझ्यासाठी एकच समज. मानकात यासाठी ‘समतुल्य नेटवर्कांची यादी’ नावाची तरतूद आहे. ती यादी फोनला नेटवर्कच देतं, आणि ती दिली की फोन हद्दीवरही एका नेटवर्कच्या आत असल्यासारखा वागतो, ताकद बघून बदलतो. म्हणजे उपाय शोधायचा राहिलेला नाही. तो पुस्तकात लिहिलेला आहे. कंपनीने तो हद्दीवर वापरायचा की नाही हे तिच्या इच्छेवर आहे.

इच्छा का नसावी, हेही समजून घ्यायला हवं. स्पेक्ट्रमचा लिलाव सर्कलनिहाय होतो. एखाद्या कंपनीकडे ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा एका सर्कलमध्ये असतो आणि शेजारच्यात तो दुसऱ्याच कंपनीकडे. ही लहर लांब जाते, हद्दीवरची पाटी वाचून थांबत नाही, आणि शेजारच्याला त्रास देते. मग हद्दीजवळचे अँटेना खाली झुकवतात, ताकद कमी करतात. त्यात हद्दीवरचं गाव हे दोन्ही सर्कलच्या हिशेबात शेवटचं गाव. तिथे टॉवर उभारला तर त्याच्या वर्तुळातला अर्धा भाग दुसऱ्याच्या ताळेबंदात जातो. कंपनीच्या दृष्टीने हे समजण्यासारखं आहे. पण त्या वर्तुळाच्या दोन्ही अर्धांत माणसंच राहतात, आणि ती रिचार्जचे पूर्ण पैसे भरतात.

लोकांनी आपापले उपाय काढले आहेत. सीमाभागात एका फोनमध्ये दोन राज्यांची दोन सिमं हा अनेक घरांतला रिवाज आहे. कोणत्या शेताच्या कोणत्या बांधावर कोणतं सिम चालतं हे पोरांना ठाऊक असतं. ‘आवाज तुटलालाय, गच्चीवर जाऊन लावतो’ हे आमच्याकडच्या फोनवरचं ठरलेलं वाक्य. पुष्कळजण फ्लाइट मोड चालू-बंद करतात. त्याने कधी काम होतं, कधी नाही, कारण फोन पुन्हा उठला की आधी शेवटचं नेटवर्कच शोधतो. सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडलं तर खात्रीने बदलतं, पण मग परत हद्दीअलीकडे आल्यावर ‘आपोआप निवड’ पुन्हा चालू करायची आठवण हवी; नाहीतर फोन निवडलेल्या नेटवर्कचीच वाट बघत बंद पडल्यासारखा राहतो. म्हाताऱ्या माणसाने हे करावं अशी अपेक्षा ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

पैशाची भिंत एकेकाळी याहून मोठी होती. आयडिया महाराष्ट्रात आणि आंध्रात जोरात होती, पण कर्नाटकात तिचं नेटवर्कच नव्हतं. २००८ मध्ये तिने कर्नाटकात सेवा देणारी स्पाइस कंपनी घ्यायचं ठरवलं तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. तोवर उदगीरचा आयडियाचा फोन भालकीत परक्या कंपनीच्या दारात उभा. रोमिंगमध्ये येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. १ जुलै २०१३ पासून ट्राय या दूरसंचार नियामकाने त्याची कमाल मर्यादा मिनिटाला पावणेदोन रुपयांवरून ७५ पैशांवर आणली, १ मे २०१५ पासून ४५ पैशांवर. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ रोमिंगचा आकार न लावता आलं आणि पुढच्या वर्षभरात बाकीच्यांनीही तो सोडला. ३ जुलै २०१५ पासून दुसऱ्या सर्कलमध्ये गेलं तरी नंबर तोच ठेवता येऊ लागला. पण त्या वर्षांची भीती वयस्कर माणसांच्या हातात अजून आहे. रोमिंगचं चिन्ह दिसलं की ती फोन उचलत नाहीत.

पैसे गेले, तुटणं राहिलं, आणि दरम्यान फोनवर येऊन बसलेल्या गोष्टी वाढल्या. बँकेचा ओटीपी फोन एका नेटवर्कमधून दुसऱ्यात नोंदवला जात असताना अडकतो आणि मुदत संपल्यावर येतो. यूपीआयने पैसे देताना मध्येच नेटवर्क बदललं की फोनचा इंटरनेटवरचा पत्ता बदलतो, चालू जोडणी तुटते, आणि दुकानदार म्हणतो आले नाहीत, गिऱ्हाईक म्हणतं गेले. इंटरनेटच्या बाजूने यावर काम झालं आहे: २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘क्विक’ या पद्धतीत जोडणीला पत्त्यापासून वेगळी ओळख असते, त्यामुळे पत्ता बदलला तरी बोलणं पुढे चालू राहू शकतं. घरातल्या वाय-फायचं दुखणंही याच जातीचं आहे. बीदरकडच्या जांभ्या दगडाच्या जाड भिंतींच्या घरात वाय-फाय कॉलिंग ही मोठी सोय, पण माणूस बोलत बोलत अंगणात आला की फोन मरणाऱ्या वाय-फायला चिकटून राहतो. इथेही चूक तीच, धरलेलं फार उशिरा सोडण्याची.

या सगळ्याहून मला भीमेची काळजी जास्त वाटते. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला महापूर आला तेव्हा सोलापूर आणि कलबुर्गी दोन्ही जिल्हे बुडाले. उजनीतून सोडलेलं पाणी पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट करत अफजलपूर तालुक्यातल्या सोन्नच्या बंधाऱ्याशी येतं. पाणी महाराष्ट्रातून येतं आणि ते येतंय ही बातमीही तिथूनच यायला हवी. सरकारी निरोप येतातच, पण नदीकाठची गावं वरच्या गावातल्या पाहुण्याच्या फोनवर अधिक विसंबतात. नेमका तो फोन दोन सर्कलांच्या मधल्या पट्ट्यात लागायचा असतो.

आपत्तीचे इशारे आता टॉवरवरून एकाच वेळी सगळ्या फोनांवर पाठवायची सोय झाली आहे; २०२३ मध्ये देशभर त्याच्या चाचण्या झाल्या, तेव्हा सगळ्यांचे फोन मोठ्याने वाजले होते. असा इशारा फोनचा मालक कुठे उभा आहे हे बघत नाही. फोन ज्या टॉवरवर आहे त्या टॉवरचा इशारा येतो. अफजलपूरचा फोन अक्कलकोटचा टॉवर धरून बसला असेल तर त्याला अक्कलकोटचा इशारा येईल, स्वतःच्या गावाचा येईलच असं नाही. ११२ ला फोन लावला तर तोही साधारणपणे टॉवरच्या राज्यात जातो. हद्दीवरच्या गावातला घाबरलेला माणूस आधी आपलं राज्य, मग जिल्हा, मग तालुका समजावत बसतो.

युरोपात १५ जून २०१७ पासून रोमिंगचे जादा पैसे बंद झाले. तिथेही देशाची हद्द ओलांडताना बोलणं टिकवणं हे वेगळं काम आहे हे मान्य करून प्रयोग झाले. २०१८ मध्ये सुरू झालेला एक इटलीतल्या बोलोन्यापासून ब्रेनर खिंडीतून जर्मनीतल्या म्युनिकपर्यंतच्या महामार्गावर होता. तीन देश, तीन कायदे, वेगवेगळ्या कंपन्या. आपल्याकडे उमरग्याहून हुमनाबादमार्गे जहीराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ हाही तीन सर्कलमधून जातो. पण देश एक, कायदा एक, आणि बहुतेक वेळा दोन्हीकडे कंपनीही एकच. तिथे जे अवघड आहे ते इथे मुळातच सोपं आहे.

सरकारने ठरवलं की भिंती हलतात, हेही दिसलं आहे. १७ जानेवारी २०२५ रोजी केंद्राने डिजिटल भारत निधीच्या पैशातून उभ्या केलेल्या फोर-जी टॉवरांवर एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून सेवा मिळण्याची सोय सुरू केली. त्याच सर्कलमध्ये स्पर्धक कंपनीचा टॉवर चालतो, तर हद्दीपलीकडचा आपल्याच कंपनीचा का नाही? सप्टेंबर २०२४ मध्ये ट्रायने सर्कलऐवजी देशपातळीवरच्या एकत्रित परवान्याची शिफारस केली. ती पूर्ण अमलात येईल तेव्हा येवो. स्पेक्ट्रम तरीही सर्कलनिहाय राहील. हद्दीवरच्या टॉवरांना एकमेकांच्या यादीत घालायला आणि समतुल्य नेटवर्कांची यादी फोनला द्यायला परवाना बदलायची गरज नाही.

अडतं ते मोजमापावर. ट्रायचा निकष सांगतो की तुटणारे फोन दोन टक्क्यांहून अधिक नकोत. पण बंगळूरु, मैसूरु, मंगळूरु सगळं धरून कर्नाटकाची सरासरी काढली की कमलनगरचा तुटलेला फोन त्यात दिसेनासा होतो. तुटलेल्या फोनबद्दल ग्राहकाला रुपया द्यावा, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा ट्रायचा आदेश १ जानेवारी २०१६ पासून लागू व्हायचा होता. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०१६ रोजी तो रद्द केला. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी कंपन्यांना आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर दाखवायला लावलं, ही चांगली गोष्ट झाली. गावाने आपलं शिवार त्या नकाशात पाहावं. जिथे रंग भरलेला आहे आणि फोन लागत नाही, तिथली तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा आणि ग्रामपंचायतीने अशा तक्रारी एकत्र पाठवाव्यात. अशी एकत्र तक्रार सरासरीत बुडवता येत नाही.

ट्राय गाडीत यंत्रं ठेवून रस्त्यांवर आणि रेल्वेवर चाचण्या करते, त्यांचे अहवाल सर्कलनिहाय निघतात. त्या गाडीने हद्दीवर न थांबता पुढे जावं. उदगीर ते भालकी, उमरगा ते बसवकल्याण, अक्कलकोट ते अफजलपूर, देगलूर ते औराद, बीदर ते जहीराबाद. फोन लावलेला ठेवावा, हद्द ओलांडावी, आणि किती वेळा तुटला ते कंपनीच्या नावासह छापावं.